'बॉर्डर'ने मारलेली माणसे आणि लोंगेवालातून परतलेली माणसे

वाळूचा किल्ला

१९७१ च्या भारत-पाक युद्धातल्या लोंगेवालाच्या लढाईवरील जे. पी. दत्ता यांच्या 'बॉर्डर' या चित्रपटात सुनील शेट्टी यांनी रंगवलेला सीमा सुरक्षा दलाचा अधिकारी भैरोंसिंह सुरुंग घेऊन शत्रूच्या रणगाड्याला भिडतो आणि त्यासह स्वतःलाही उडवून देतो. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा, म्हणजे जून १९९७ मध्ये, ज्यांचे नाव या पात्राला दिले होते ते भैरोंसिंह राठोड जोधपूर जिल्ह्यातल्या आपल्या गावी निवृत्तीचे आयुष्य जगत होते. त्यांचे निधन १९ डिसेंबर २०२२ रोजी जोधपूरच्या एम्समध्ये झाले. लढाईनंतर ५१ वर्षे आणि पडद्यावरच्या मृत्यूनंतर २५ वर्षे ते हयात होते. अक्षय खन्ना यांच्या धर्मवीरचेही तसेच आहे. गस्तीवर असताना रणगाड्यांची घरघर ज्यांनी प्रथम ऐकली ते लेफ्टनंट धर्मवीर लढाईतून सुखरूप परतले आणि पुढे कर्नल झाले, पण चित्रपटात मात्र त्यांना वीरमरण आले आहे.

प्रत्यक्षात काय घडले ते थोडक्यात सांगतो. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री पाकिस्तानची ५१ वी ब्रिगेड दोन हजारांहून अधिक सैनिक आणि चाळीसहून अधिक रणगाडे घेऊन राजस्थानच्या वाळवंटात लोंगेवाला चौकीवर चालून आली. चौकीत मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या हाताखाली पंजाब रेजिमेंटच्या २३ व्या बटालियनची एक कंपनी, म्हणजे जेमतेम १२० जवान आणि सोबत सीमा सुरक्षा दलाचे काही लोक होते. रणगाडाविरोधी म्हणावे असे त्यांच्याकडे जीपवर बसवलेल्या आरसीएल (रिकॉइललेस, म्हणजे मागे धक्का न देणाऱ्या) तोफेपलीकडे फारसे काही नव्हते. रामगढला मागे या किंवा चौकी धरून ठेवा, असे दोन्ही पर्याय वरिष्ठांनी खुले ठेवले असता चांदपुरी यांनी थांबण्याचा निर्णय घेतला, रात्रभर चौकी लढवली, आणि ५ तारखेला उजाडताच जैसलमेरहून आलेल्या हवाई दलाच्या हंटर लढाऊ विमानांनी उघड्या वाळूवरचे रणगाडे टिपायला सुरुवात केली. या सगळ्यात चौकीतले दोन जवान धारातीर्थी पडले.

केवळ दोन! चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या कोणालाही हा आकडा खरा वाटणार नाही, कारण तिथे मथुरादास जातो, रतनसिंग जातो, स्वयंपाकी भागीराम जातो, आणि शेवटी पडद्यावर प्रेतांची रांगच लागते. माझा आक्षेप चित्रपटाने स्वातंत्र्य घेतले यावर नाही. एवढ्या थोड्या माणसांनी एवढी मोठी चाल रात्रभर थोपवली आणि तरीही जवळजवळ सगळे जिवंत राहिले, ही गोष्ट मुळातच थक्क करणारी असताना ती रंगवण्यासाठी जिवंत माणसांना मारण्याची गरज का भासली असावी, हे मला कळून घ्यायचे आहे. आपण प्रेक्षक म्हणून मरणाशिवाय पराक्रम ओळखतच नाही, असे दिग्दर्शकाला वाटले असेल काय? आणि तसे वाटले असेल तर ते चूक होते काय? आपल्यापैकी अनेकांनी हा चित्रपट चित्रपटगृहात, दूरदर्शनवर आणि दर १५ ऑगस्टला कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर पाहिलेला असणार. आपापले मत सविस्तर मांडावे, ही विनंती.

तोफखाना

धागाकर्त्यांनी मुद्दा योग्य ठिकाणी नेला आहे. मी त्यात एका प्रसंगाची भर घालतो. तो चित्रपटात यायला हवा होता, पण त्याला हवे तेवढे महत्त्व मिळालेले नाही.

चौकी वाळूच्या एका उंच टेकाडावर होती आणि तिच्याभोवती काटेरी तारेचे कुंपण होते. पाकिस्तानी पायदळ पुढे सरकले, तारेपाशी पोहोचले आणि तिथेच थबकले, कारण तार आहे म्हणजे तिच्यापुढे सुरुंग पेरलेले असणार, असा त्यांचा समज झाला. प्रत्यक्षात तिथे व्यवस्थित पेरलेले सुरुंगक्षेत्र नव्हते. घाईघाईने टाकलेले मोजके रणगाडाविरोधी सुरुंग तेवढे होते. सुरुंग शोधणाऱ्या तुकड्या पुढे येऊन रस्ता मोकळा असल्याची खात्री करेपर्यंत सुमारे दोन तास गेले. डिसेंबरमधल्या रात्रीचे ते दोन तास म्हणजे पहाट दोन तासांनी जवळ येणे होते, आणि पहाट म्हणजे हंटर. त्यातच आरसीएलच्या माऱ्याने पेटलेल्या रणगाड्यांवरच्या जादा इंधनाच्या पिंपांनी असा उजेड केला की चौकीतल्या जवानांना खाली वाळूवर चाललेली हालचाल स्पष्ट दिसू लागली, तर खालून वर पाहणाऱ्यांना धुरापलीकडे काही दिसेना.

आता सांगा, यात नाट्य कमी आहे काय? चांदपुरींनी रणगाडे अगदी जवळ येईपर्यंत गोळीबार रोखून धरला, हाही त्याच संयमाचा भाग होता. शत्रू काही पावलांवर, बोट चापावर आणि आज्ञा 'थांबा' अशी. असे प्रसंग रंगवायला शांतता लागते, आणि आपला हिंदी युद्धपट शांततेला भितो. त्यापेक्षा चांदपुरी झालेल्या सनी देओल यांनी रॉकेट लाँचर खांद्यावर घेऊन आरोळी ठोकणे सोपे असते. आरोळी टाळ्या घेते हे खरेच, परंतु लोंगेवाला आरोळीने राखले गेलेले नाही.

सुगंधा

वरील दोन्ही प्रतिसाद आदराने वाचले, पण मी पूर्णपणे सहमत नाही.

हा चित्रपट आमच्या घरात वेगळ्या नजरेने पाहिला गेला, कारण माझा भाऊ त्या काळी सैन्यात होता आणि त्याची पत्रे महिना-महिना येत नसत. आमच्या आईने 'बॉर्डर'मधली लढाई नीट पाहिलीच नाही. तिने पाहिली ती पत्रांची वाट बघणारी घरे. 'संदेसे आते हैं' हे गाणे सुरू झाले की ती पदर डोळ्यांना लावायची. जावेद अख्तर यांना या चित्रपटाच्या गीतांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो उगाच नव्हे. त्याआधीच्या कितीतरी हिंदी चित्रपटांत फौजी हा नायिकेचा भाऊ किंवा विमानतळावरून रुबाबात उतरणारा नायक असे. त्याला घर असते, कर्ज असते, आजारी बायको असते, मंजूर झालेली आणि मग रद्द झालेली सुट्टी असते, हे एवढ्या मोठ्या पडद्यावर एवढ्या विस्ताराने 'बॉर्डर'नेच दाखवले.

मथुरादासाचा प्रसंग आठवा. बायको कर्करोगाने आजारी असलेल्या त्या माणसाला सुट्टी मिळाल्याचा आनंद होतो, आणि तो सर्वांसमोर दाखवल्याबद्दल चांदपुरी त्याला झापतात. लढाई तोंडावर असताना पुढे तो माणूस सुट्टी सोडून चौकीतच थांबतो. यात तारीख-वार शोधू नये. यात फौजीच्या आयुष्यातली एक खरी ओढाताण आहे. शिवाय दत्ता यांनी हा चित्रपट हवाई दलात वैमानिक असलेल्या आणि विमान अपघातात गेलेल्या आपल्या भावाला अर्पण केला आहे. ज्याने घरातले मरण पाहिले आहे, त्याच्या चित्रपटात मरण ठायीठायी असणार. त्याला केवळ टाळ्यांचा हिशेब म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

निळाई

हवाई दलाच्या बाजूनेही कोणीतरी बोलायला हवे, म्हणून लिहिते.

जैसलमेरच्या तळावर त्या वेळी मोजकीच हंटर विमाने होती आणि ती रात्री लढू शकत नव्हती. चित्रपटाने ही अडचण प्रामाणिकपणे दाखवली आहे. जॅकी श्रॉफ यांचा विंग कमांडर रात्रभर घड्याळाकडे बघत तळमळतो तो भाग मला फार आवडतो. पण उजाडल्यानंतरचा मारा पडद्यावर एखाद्या समारोपासारखा उरकला आहे. प्रत्यक्षात हल्ल्याचा कणा विमानांनीच मोडला. वाळवंटात रणगाड्याला आडोसा नसतो. वाळूवर उमटणाऱ्या पट्ट्यांच्या खुणा वरून लख्ख दिसतात. गोल गोल फिरून जीव वाचवू पाहणाऱ्या रणगाड्यांच्या त्या वेटोळ्यांचे हवाई छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. हंटरना लक्ष्य दाखवण्याचे काम सैन्याच्याच छोट्या 'कृषक' विमानातून चालले होते. तो वैमानिक संथ गतीच्या, निःशस्त्र विमानात बसून लढाईवर घिरट्या घालत होता, आणि त्याच्यावर एक स्वतंत्र चित्रपट निघू शकेल.

नंतरच्या काळात लोंगेवालाचे श्रेय पायदळाचे की हवाई दलाचे, यावरून निवृत्त अधिकाऱ्यांमध्येच जाहीर आणि कडवट वाद झाला. चौकीत रात्री फारशी लढाई झालीच नाही, असे म्हणण्यापर्यंत काहींची मजल गेली, आणि हयात असलेल्या चांदपुरींना त्याला उत्तर द्यावे लागले. मला वाटते, या वादाच्या मुळाशी चित्रपटाचेही थोडे देणे आहे. पडद्यावर सगळे एका नायकाभोवती फिरले की उरलेल्यांना आपला वाटा मागावा लागतो, आणि मग मागणारा कधीकधी प्रमाणाबाहेर मागतो. चौकी रात्री टिकली नसती तर सकाळी विमानांनी वाचवायचे काय होते? आणि विमाने आली नसती तर १२० जण किती वेळ टिकले असते? ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत.

प्रवासी पाखरू

महाराष्ट्रातून राजस्थानच्या सहलीला जाणारे हल्ली जैसलमेरहून तनोट आणि लोंगेवाला असा दिवसभराचा फेरा करतात, तसा आम्हीही केला. लोंगेवालाला पकडलेला टी-५९ रणगाडा उभा आहे, तनोटमातेच्या देवळात १९६५ च्या युद्धात न फुटलेले तोफगोळे काचेच्या कपाटात ठेवले आहेत. हे सर्व पाहण्यासारखेच आहे. मात्र आमच्या गाडीबरोबर आलेला माहितगार लढाई सांगू लागला तेव्हा माझ्या लक्षात आले की तो चित्रपट सांगतो आहे. भैरोंसिंह कुठे 'पडले' ती जागासुद्धा त्याने हात करून दाखवली! सोबतच्या एका काकांनी तिथल्या तिथे नमस्कार केला. त्या वेळी भैरोंसिंह राठोड हयात होते, हे मला घरी परतल्यावर वाचनातून कळले.

जुना प्रेक्षक

माझ्या दृष्टीने 'बॉर्डर'ची आठवण एका दुर्घटनेशिवाय पुरी होत नाही. १३ जून १९९७ या प्रदर्शनाच्या दिवशीच दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात दुपारच्या खेळाला आग लागली आणि ५९ प्रेक्षक गुदमरून गेले. ते लोक हाच चित्रपट पाहायला बसले होते. पुढच्या आठवड्यात आम्ही पुण्यात तिकिटे काढली तेव्हा आत जाताना प्रत्येकजण बाहेर पडायचे दरवाजे कुठे आहेत ते आधी बघत होता.

चित्रपटाविषयी सांगायचे तर वर्ष स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचे होते, आणि कारगिलला अजून दोन वर्षे होती, ही पार्श्वभूमी विसरू नये. युद्धाच्या बातम्या घरबसल्या थेट पाहण्याची सवय लोकांना लागलेली नव्हती. १९७१ चे युद्ध आमच्या पिढीने रेडिओवर ऐकले होते. खिडक्यांना काळे कागद लावून, दिवे मालवून बसलेल्या मुंबईत आम्ही त्या बातम्या ऐकल्या, पण लोंगेवाला हे नाव तेव्हा आमच्या कानी ठसले नव्हते. ढाका, शरणागती आणि जनरल अरोरा तेवढे लक्षात राहिले. लोंगेवाला घराघरात पोहोचवले ते या चित्रपटाने. आज आपण इथे त्यातल्या चुका काढत आहोत, तेही त्यामुळेच.

चित्रवेडा

मला दोन गोष्टी मांडायच्या आहेत. पहिली शत्रूच्या चित्रणाविषयी आहे. चित्रपटातला पाकिस्तानी अधिकारी बढाईखोर आणि काहीसा मूर्ख आहे. समोरचा मूर्ख दाखवला की आपल्या माणसांचा पराक्रम आपोआप स्वस्त होतो, हे पटकथाकाराच्या ध्यानात कसे आले नाही? प्रत्यक्षात त्यांची योजना धाडसी होती. लोंगेवाला घेऊन रामगढमार्गे जैसलमेर गाठायचे, म्हणजे भारताला पश्चिम आघाडीवर अनपेक्षित ठिकाणी सैन्य हलवावे लागेल, असा तो डाव होता. तो फसला त्याची कारणे मोलाची आहेत. वाळूची नीट पाहणी झालेली नव्हती, वाहने आणि रणगाडे मऊ वाळूत रुतले, आणि मुख्य म्हणजे डोक्यावर स्वतःच्या हवाई दलाचे छत्र नव्हते. दिवसाच्या उजेडात छत्राशिवाय रणगाडे उघड्यावर आणण्याची चूक वरच्या पातळीवर झाली आणि किंमत वाळूवरच्या सैनिकांनी मोजली. ती ब्रिगेड ज्या डिव्हिजनची होती तिच्या सेनापतीला पुढे पदावरून दूर केले गेले. हा भाग चित्रपटात असता तर शेवटी येणारे 'मेरे दुश्मन, मेरे भाई' हे गाणे उपरे वाटले नसते. हरिहरन यांनी ते अप्रतिम गायले आहे, त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, पण तीन तास ज्याची टर उडवली त्याला शेवटच्या पाच मिनिटांत भाऊ म्हणणे मला तेव्हाही पचले नव्हते.

दुसरी गोष्ट नावांची. जैसलमेर तळाचे प्रमुख विंग कमांडर एम. एस. बावा होते. चित्रपटात ते 'बाजवा' झाले. म्हणजे नाव बदलून स्वातंत्र्य घेण्याची युक्ती दिग्दर्शकाला ठाऊक होती आणि त्याने ती वापरलीही. मग हीच सवलत भैरोंसिंहांना का मिळाली नाही? ते प्रत्यक्षात सीमा सुरक्षा दलात नाईक पदावरून निवृत्त झालेले शिपाईगडी. चित्रपटाने त्यांना असिस्टंट कमांडंट केले, नवे लग्न लावून दिले, आणि वर ठार मारले. एवढे सगळे बदलल्यावर नाव तेवढे खरे ठेवण्यात कोणता न्याय आहे?

वाळूचा किल्ला

सर्वांचे आभार. चर्चा मला अपेक्षित होती त्यापेक्षा बरीच पुढे गेली आहे.

सुगंधाताई, आपल्या आईंना जे दिसले ते चित्रपटात आहे आणि ते खरे आहे, यात मला शंका नाही. दत्ता यांच्या भावाविषयी आपण जे लिहिले त्यामुळे चित्रपटातल्या शोकाकडे मी अधिक सहानुभूतीने पाहीन. तरीही माझा प्रश्न शिल्लक राहतो. मथुरादासाची ओढाताण दाखवण्यासाठी त्याला मरावेच लागते असे नाही. तो लढाईनंतर सुट्टीवर घरी गेला असता, दारात उभा राहिला असता, तरी आपल्या आईंच्या डोळ्यांत पाणी आले असते, कदाचित जास्तच. लोंगेवालाच्या बहुतेक जवानांच्या घरी डिसेंबर १९७१ नंतर हेच घडले. पत्र येण्याऐवजी माणूस आला. ज्या चित्रपटाने वाट पाहणारी घरे इतकी मन लावून दाखवली, त्याने ती वाट संपल्याचा आनंद मात्र दाखवला नाही.

चित्रवेडा यांचा नावांचा मुद्दा मला सर्वांत बळकट वाटतो. प्रवासी पाखरू यांच्या अनुभवातल्या काकांनी मनोभावे नमस्कार केला, त्यांचे काहीच चुकले नाही. चूक त्यांच्यापर्यंत पोहोचलेल्या गोष्टीत होती. चांदपुरी यांना महावीरचक्र मिळाले, ते ब्रिगेडियर होऊन निवृत्त झाले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये मोहालीला वारले. पडद्यावर त्यांच्या पात्राला जिवंत ठेवले म्हणून त्यांची थोरवी तसूभरही कमी झाली नाही. म्हणजे जिवंत नायकालाही प्रेक्षक डोक्यावर घेतो, हे याच चित्रपटाने दाखवून दिले आहे.

सुगंधा

दारात उभा राहिलेला मथुरादास मला पटला. बाकीचे अजून नाही. चित्रपट निघाला नसता तर भैरोंसिंह राठोड यांच्या निधनाची बातमी मराठी वर्तमानपत्रांत आली असती काय, याचाही विचार करावा. बातमीत प्रत्येक ठिकाणी 'बॉर्डर'चा उल्लेख होता. पंतप्रधानांनी त्यांना श्रद्धांजली वाहिली. सेना पदक तर त्यांना लढाईनंतर लगेचच मिळाले होते, पण त्या पदकाची आठवण किती जणांना होती?

तोफखाना

सुगंधाताईंचे म्हणणे खरे आहे, आणि त्यामुळेच मला वाईट वाटते. माणूस खोट्या मरणामुळे प्रसिद्ध झाला आणि खरे मरण आले तेव्हा त्या प्रसिद्धीचा उपयोग झाला, असा हा विचित्र व्यवहार आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण एक साधी गोष्ट निर्माते आजही करू शकतात. चित्रपट आता घरबसल्या पाहिला जातो. त्याच्या अखेरीस खऱ्या लढाईविषयी चार ओळी जोडायला काही अडचण नसावी. त्यात कोण जगले, पुढे काय झाले, चौकीत किती जण पडले, एवढे लिहिले तरी पुरे. भैरोंसिंह वाचणार नाहीत, त्यांचे नातू वाचतील.

निळाई

त्या चार ओळींत 'कृषक'च्या वैमानिकासाठीही अर्धी ओळ राखून ठेवावी.